हवे ते सापडावे कसे?

वाचकहो, सातबाऱ्याचा उतारा हल्ली घरबसल्या पाहता येतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. महाभूलेखाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडायचे, मग सर्व्हे नंबर किंवा खातेदाराचे नाव घालायचे, की उतारा पुढे येतो. या लहानशा चौकटीत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. जिल्हा, तालुका, गाव हे झाले वर्ग. आणि नाव हा झाला शब्द. वर्ग शोधाचे क्षेत्र आवळत आणतो, शब्द नेमके बोट ठेवतो. आजची कोणतीही शोधचौकट, मग ती जमिनीची असो की ग्रंथालयाची, या दोन पायांवर उभी असते. मौज अशी की, हे दोन्ही पाय संगणकाच्या कितीतरी आधीचे आहेत.

आधी वर्ग पाहू. अमरसिंहाचा अमरकोश पूर्वी मुलांकडून पाठ करवून घेत. त्यात शब्द अकारविल्हे नाहीत. तीन कांडे आहेत आणि कांडांच्या पोटात वर्ग आहेत. पहिल्या कांडाच्या अखेरीस वारिवर्ग येतो. पाणी, समुद्र, होडी, वल्हे, जाळे, मासे आणि मासे धरणारा धीवर, सगळे तिथे शेजारी शेजारी बसले आहेत. मालवणच्या बंदरावर उभे राहिले तर जे जे दिसेल, त्यातले बरेचसे या एका वर्गात सापडेल!

शिवछत्रपतींनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तोही याच धर्तीवर. कारभारात रुळलेल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि मांडणी दहा वर्गांची ठेवली. गडकोटांचे शब्द दुर्गवर्गात, कारकुनाचे लेखनवर्गात, व्यापाराचे पण्यवर्गात.

या पद्धतीचा गुण असा की, शब्द आठवत नसला तरी तो सापडतो. दोष असा की, कोशकाराच्या मनातली मांडणी आपल्याला ठाऊक असावी लागते. आता बघा, खारवलेला मासा पाण्याच्या वर्गात शोधायचा की बाजाराच्या?

दुसरी वाट शब्दाची. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली आली. त्यात शब्द वर्णानुक्रमे लावलेले आहेत. वर्णमाला आली की काम झालं. मांडणी समजून घेण्याची यातायात नाही. संगणकही हेच करतो. कोणता शब्द कोणकोणत्या पानावर आहे, याची सूची तो आधीच करून ठेवतो. जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशीच ही सूची. आपण शब्द घातला की तो पाने चाळत बसत नाही, सूची उघडतो. म्हणून उत्तर पटकन येते. मात्र इथेही अडचण आहेच. शब्द नेमका, आणि सूचीत लिहिला आहे तसाच, ठाऊक हवा.

या दोन वाटा एकत्र आणण्याचे काम दोघांच्या विचारांनी सोपे केले. इंग्लंडच्या जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ साली आपल्या ग्रंथात 'आणि', 'किंवा', 'नव्हे' या साध्या शब्दांचे गणित मांडले. शोधचौकटीत ते रोज राबते. समजा, तालुक्याच्या रकान्यात आपण मालवण आणि वेंगुर्ले या दोहोंवर खूण केली, व विषयात मासेमारी निवडली. एका रकान्यातल्या दोन खुणा 'किंवा'ने जोडायच्या, दोन वेगळ्या रकान्यांतल्या 'आणि'ने. म्हणजे मालवण किंवा वेंगुर्ले, आणि मासेमारी. तालुकेही 'आणि'ने जोडले तर दोन्ही तालुक्यांत एकाच वेळी असलेली नोंद मागितल्यासारखे होते, आणि हाती बहुधा शून्य येते.

दुसरे आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन. १९३३ साली मद्रासहून त्यांची द्विबिंदू वर्गीकरणाची पद्धती प्रसिद्ध झाली. एका वस्तूला एकच खण, हा जुना हट्ट तिने सैल केला. एकच ग्रंथ विषय, स्थळ, काळ अशा निरनिराळ्या अंगांनी ओळखता येतो, असे तिचे सांगणे. शोधचौकटीतले वेगवेगळे रकाने पाहिले की हीच दृष्टी दिसते. आपला खारवलेला मासा आता पाण्याकडूनही सापडेल आणि बाजाराकडूनही!

यंत्र झाले, पण माणसांच्या बदलत्या नावांचे काय? १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या कागदावर 'तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी' असे असते. अशा कागदाची नोंद रत्नागिरीतच राहिली, तर 'सिंधुदुर्ग' निवडणाऱ्याला ती दिसणार नाही. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. जुन्या पुस्तकातले 'कांहीं' आजच्या 'काही'ने सापडत नाही, जर चौकट करणाराने ही दोन रूपे एकत्र बांधली नसतील. आणि मुंबईचा माणूस ज्याला सुरमई म्हणतो, त्याला आपल्या किनाऱ्यावर इसवण म्हणतात.

शिक्षकबंधुभगिनींनो, खरी काळजीची जागा ही आहे. आपल्या शाळेतला मुलगा 'इसवण' लिहितो आणि उत्तर येते: 'काही सापडले नाही.' तो काय समजेल? चौकट अपुरी आहे असे नव्हे; आपला शब्दच चुकीचा, असे तो समजेल. जे शोधून मिळत नाही ते नाहीच, असे धरून चालण्याची सवय आज लहानथोर सर्वांना लागली आहे. बोलीतले कितीतरी शब्द अशाने विनाभांडण मागे पडतील.

म्हणून गावाच्या वाचनालयाची किंवा शाळेच्या संग्रहाची अशी चौकट कोणी करायला घेतली, तर चार गोष्टी पाहाव्या. रकाने थोडे ठेवावे: विषय, गाव, काळ एवढे पुष्कळ. प्रत्येक रकान्यात 'सर्व' हा पर्याय असावा, म्हणजे ज्याला वर्ग ठाऊक नाही तो अडणार नाही. प्रत्येक नोंदीखाली तिची दुसरी नावे लिहावी. बोलीतले, शहरातले, जुन्या लेखनाचे. आणि काहीच न मिळाल्यास कोणता रकाना सैल करावा, हे चौकटीने सांगावे.

यातले तिसरे काम संगणक आपणहून करणार नाही. त्यासाठी बंदरावरच्या म्हाताऱ्यांकडे जावे लागेल, एकेका माशाची, होडीच्या भागाची, जाळ्याची नावे विचारून वहीत उतरवावी लागतील. वरच्या इयत्तांतली मुले हे उत्तम करू शकतील. एक वही आणि एक सुट्टी, एवढ्यावर सुरुवात होते. वारिवर्ग रचणाऱ्यानेही शब्द आधी गोळा केले, वर्ग मागाहून पाडले.