गोडी आमची, दोष तिचा

रविवारचे मिस्साबलिदान संपले, धर्मगुरूंशी चार शब्द बोलून झाले, की आमच्या जालना जिल्ह्यातील चर्चच्या आवारात माणसांचे लहानमोठे घोळके उभे राहतात. पीकपाणी आणि मुलांच्या परीक्षा यांच्या जोडीला तिथे एक तिसरा विषय हमखास निघतो. तो म्हणजे सिनेमा. वयस्कर मंडळी नर्गिस श्रेष्ठ की मधुबाला, यावर अजूनही हट्टाला पेटतात. त्यांची मुले श्रीदेवी आणि माधुरी यांच्यात वाटली गेली आहेत. या वादात एक गंमत नेहमी आढळते. एखाद्या उथळ म्हणून गाजलेल्या चित्रपटाचे नाव निघाले, की प्रथम सारे नाक मुरडतात आणि थोड्याच वेळात त्यातील प्रसंगन् प्रसंग सर्वांना पाठ असल्याचे उघडकीस येते. चित्रपट पाहिला, आवडला. पण आवडला असे म्हणण्याची लाज वाटते! ही लाज आपण कोणाच्या पदरात टाकत आलो, हे इतिहासात डोकावून पाहण्यासारखे आहे.

भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेचे एक टोक आपल्या श्रद्धेशी जोडलेले आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. 1910-11 च्या सुमारास मुंबईतील एका तंबूवजा चित्रगृहात धुंडिराज गोविंद फाळके यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. तो पाहताना डोळ्यांसमोर राम-कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ साकारला आणि 3 मे 1913 रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. परंतु तारामतीच्या भूमिकेसाठी फाळक्यांना एकही स्त्री मिळाली नाही. कुलीन घरांतल्या स्त्रिया तर दूरच. पण ज्यांना समाजाने आधीच बहिष्कृत ठरवले होते, त्यांनीही नकार दिला. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मधल्या काळात ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटातून दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला या दोघी पडद्यावर आल्या होत्या. पण तो अपवाद होता. स्त्रीचे दर्शन समाजाला हवे होते, स्त्रीचे येणे मात्र नको होते.

ही पोकळी ज्यांनी भरून काढली, त्यांत अँग्लो-इंडियन आणि यहुदी घरांतील मुली ठळकपणे दिसतात. कलकत्त्याच्या पेशन्स कूपर 1920 च्या ‘नल दमयंती’त दमयंती झाल्या. रेने स्मिथ नावाची अँग्लो-इंडियन तरुणी ‘सीतादेवी’ हे नाव घेऊन 1925 च्या ‘प्रेम संन्यास’मध्ये गौतमाची पत्नी म्हणून उभी राहिली. पुण्यात 1907 साली जन्मलेल्या रुबी मायर्स या यहुदी कुटुंबातल्या. त्या टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करीत होत्या. ‘सुलोचना’ या नावाने त्या मूकपटांच्या काळातील सर्वांत लोकप्रिय नटी झाल्या. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ या 1927 च्या चित्रपटात त्यांनी आठ निरनिराळी रूपे घेतली. ज्या पतिव्रतांच्या कथा ऐकून प्रेक्षक हात जोडत, त्या पतिव्रता पडद्यावर साकारण्याचे धाडस बहुतेक वेळा परधर्मीय मुलींना करावे लागले, आणि तेही स्वतःचे नाव पुसून!

त्या काळी जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होते. ‘जालना, सोने का पालना’ अशी ख्याती असलेली ही बाजारपेठ मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर आहे. मुंबईचा माल मनमाडला मोठ्या रुळांवरून लहान रुळांवर चढे आणि मग इकडे येई. संस्थानात चित्रपटांवर दरबाराची नजर असे. धीरेन गांगुली यांनी हैदराबादेत ‘लोटस’ ही कंपनी काढून चित्रपट बनवले, चित्रगृहेही चालवली. परंतु ‘रझिया बेगम’ हा चित्रपट दाखवल्यामुळे 1924 च्या सुमारास त्यांना संस्थान सोडावे लागले. सिंहासनावरील स्त्रीने पडद्यावर प्रेम करावे, हे दरबाराला रुचले नाही. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थानाचा लढा संपला, 1 मे 1981 रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर मराठवाड्यातील खेड्यांना सिनेमाची ओळख करून दिली, ती मुख्यतः जत्रांतल्या तंबूंनी. मातीवर बसकण, पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला. एकच पडदा आणि एकच नटी. पण तंबूबाहेर पडल्यावर तिच्याविषयी बोलण्याची मुभा मात्र एकाच बाजूला!

नटीविषयीचे लोकमत किती झटकन फिरते, याचे दुर्गाबाई खोटे यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नसेल. मुंबईच्या प्रतिष्ठित घरात 1905 साली जन्मलेल्या दुर्गाबाई येशूसंघीयांच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या होत्या. घरची परिस्थिती पालटल्यावर त्यांनी 1931 मध्ये ‘फरेबी जाल’ या चित्रपटात एक लहानशी भूमिका स्वीकारली. चित्रपट सामान्य निघाला आणि दुर्गाबाईंवर टीकेचा भडिमार झाला. पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्या तारामती झाल्या आणि त्याच समाजाने त्यांना डोक्यावर घेतले. वर्षभरात दुर्गाबाई बदलल्या नव्हत्या. बदलली होती ती केवळ भूमिका. असेच पुढे जयश्री गडकर यांच्या बाबतीत दिसले. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये त्यांनी तमाशातील नर्तकी रंगवली. तो चित्रपट पुण्यात 131 आठवडे चालला. याच जयश्रीबाई 1987 साली दूरदर्शनच्या ‘रामायण’ मालिकेत कौसल्या झाल्या, तेव्हा घरोघरी लोक हात जोडून बसत.

आपण ख्रिस्ती वाचकांनी याहून जवळचे उदाहरण घ्यावे. हिंदी चित्रपटांत झगा घालणारी, मद्यालयात नाचणारी मुलगी बहुधा ख्रिस्ती नावाची असते, ही आपली जुनी तक्रार आहे आणि ती रास्तही आहे. ‘गुमनाम’मधील किटी, ‘तीसरी मंज़िल’मधील रुबी, या दोन्ही भूमिका हेलन यांच्याच. अँग्लो-इंडियन पिता आणि ब्रह्मी माता यांच्या पोटी रंगूनला जन्मलेली ही मुलगी महायुद्धात आईसोबत जीव मुठीत धरून भारतात आली आणि नाचून तिने घर सावरले. तिच्या पोशाखाने आपल्या समाजाची बदनामी होते, असे आपल्या घरांतून म्हटले गेले. पण तिचे नृत्य लागले की आवाज कमी करून का होईना, पाहिलेही गेले. 1973 मध्ये ‘बॉबी’ आला तेव्हा गोव्याच्या ब्रगँझा कुटुंबाच्या चित्रणावर आपण रागावलो आणि तिकिटाच्या रांगेतही उभे राहिलो. तक्रार खरी होती. पण त्या रांगेचा हिशेब आपण कधी मांडला नाही.

या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण आपण अर्धीच लक्षात ठेवली, असे आम्हांस वाटते. पोप अकरावे पायस यांनी 29 जून 1936 रोजी चित्रपटांविषयी ‘व्हिजिलांती कुरा’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यात वाईट चित्रपटांचा निषेध आहे. पण चांगला चित्रपट मनावर उत्तम संस्कार करू शकतो, हेही त्यात सांगितले आहे. वाईट चित्रपटांपासून दूर राहण्याचे वचन दरवर्षी द्यावे असे त्यात सुचवले, ते नटीने नव्हे, तर श्रद्धावंत प्रेक्षकांनी! पुढे 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ‘इंतेर मिरिफिका’ या आदेशपत्रात आपल्या मर्जीने वाचणाऱ्या, पाहणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसाची खास कर्तव्ये स्पष्ट केली. म्हणजे तिकीट काढणारा हात हाही जबाबदार हात आहे. आपण मात्र निषेधाचा भाग उचलला, तो पडद्यावरील स्त्रीच्या माथी मारला आणि कर्तव्याचा भाग खिशात ठेवला.

हलकाफुलका चित्रपट पाहून हसणे किंवा 1991 च्या ‘माहेरची साडी’त अलका कुबल यांच्या सोशिक सुनेसाठी पदर डोळ्यांना लावणे, यात पाप कसले? विद्वानांनी त्या चित्रपटाला रडका म्हणून हिणवले. पण सासुरवास सोसलेल्या गावोगावच्या स्त्रियांना आपले दुःख कोणीतरी मोठ्याने बोलून दाखवल्याचा दिलासा त्यातून मिळाला. आवडले ते आवडले म्हणावे, यातच प्रामाणिकपणा आहे. दोष आहे तो गोडी चाखून झाल्यावर ज्या स्त्रीने ती दिली, तिचेच चारित्र्य पारावर तोलण्यात.

त्या स्त्रिया गप्प राहिल्या असेही नाही. शांता आपटे यांनी 1940 मध्येच ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या व्यवसायात स्त्रीला काय सोसावे लागते, ते सांगितले. हंसा वाडकर यांनी 1970 मध्ये आपल्या गाजलेल्या चित्रपटाचेच नाव घेऊन ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. त्यात घरच्यांनी कमाईसाठी वापरलेली, प्रसिद्धीतही एकाकी राहिलेली स्त्री आपल्याशी बोलते. त्यावरूनच 1977 साली श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ हा चित्रपट झाला आणि स्मिता पाटील यांनी ती वेदना पडद्यावर आणली. शंभर वर्षे आपण नट्यांविषयी वाद घालत आलो. त्यांचे म्हणणे मात्र क्वचितच कानी घेतले.

योहानच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायात एका स्त्रीला भर मंदिरात आणून उभे केले आहे. आरोप करणारे अनेक आहेत. तिच्या पापातील दुसरा भागीदार मात्र त्या गर्दीत कोठेच दिसत नाही. प्रभूने वाकून जमिनीवर लिहिले आणि निर्णय त्या गर्दीच्या विवेकावर सोपवला. प्रथम निघून गेले ते वडीलधारे. येत्या रविवारी चर्चच्या आवारात नर्गिस आणि मधुबाला यांचा वाद पुन्हा रंगेल. तो रंगावा, त्यात आम्हीही असू. मात्र एखादीच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची वेळ आली, तर आपल्या हातात जे अजूनही आहे ते तिकीट आहे की दगड, हे पाहून मगच तोंड उघडावे.