डीबग माहितीची साधनचिकित्सा : कंपायलरच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

साधन उपलब्ध नसणे ही इतिहास-अभ्यासकाची अडचण असते. परंतु उपलब्ध साधन चुकीची साक्ष देत असणे हे त्याहून मोठे संकट होय. चालू प्रोग्राममधील दोषाचा माग काढणाऱ्याची स्थितीही अशीच असते. प्रोग्राम माणसाला कळणाऱ्या भाषेत लिहिलेला असतो, तर यंत्र कंपायलरने तयार केलेल्या यंत्रभाषेतील आज्ञा पाळते. कोणती आज्ञा मूळच्या कोणत्या ओळीतून आली आणि कोणते व्हेरिएबल स्मृतीत किंवा रजिस्टरमध्ये कोठे आहे, याची नोंद कंपायलर लिहून ठेवतो. हीच डीबग माहिती. ही नोंद अपुरी का राहिली आणि ती सुधारण्याचे कोणते प्रयत्न झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दुव्याची गरज कशी निर्माण झाली?

केंब्रिज विद्यापीठात १९४९ मध्ये एडसॅक संगणक कार्यान्वित झाला. त्यावरील दोषशोधनाविषयी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. चालू प्रोग्रामची एकेक आज्ञा तपासत तिची नोंद छापणारी पद्धत त्यांनी मांडली. त्या काळी प्रोग्राम यंत्राच्या आज्ञांतच लिहिला जात असल्याने लिहिलेले आणि चालणारे यांत फारसे अंतर नव्हते.

हे अंतर ठळक झाले ते १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या फोर्ट्रान कंपायलरमुळे. हाताने लिहिलेल्या आज्ञांच्या तोडीचा वेग गाठल्याशिवाय हा कंपायलर स्वीकारला जाणार नव्हता. म्हणून पुनरुक्त गणिते टाळणे, आज्ञांची फेरमांडणी करणे अशी ऑप्टिमायझेशनची तंत्रे त्यात आरंभापासूनच आली. वेग मिळाला, पण मूळ ओळींचा क्रम यंत्रात जसाच्या तसा राहील, याची हमी उरली नाही.

अभाव आणि असत्य

या प्रश्नाची तात्त्विक मांडणी जॉन हेनेसी यांनी १९८२ मधील शोधनिबंधात केली. एक उदाहरण घेऊ. दहाव्या ओळीत एका व्हेरिएबलला नवे मूल्य दिले आहे. ते वापरले जाते विसाव्या ओळीत. कंपायलर ती आज्ञा एकोणिसाव्या ओळीपाशी नेतो. आता पंधराव्या ओळीवर प्रोग्राम थांबवला, तर डीबगर जुनेच मूल्य दाखवतो आणि प्रोग्रामर निर्दोष असलेल्या दहाव्या ओळीत दोष शोधत बसतो. अशी ‘अप्रचलित’ मूल्ये ओळखावीत आणि शक्य तेथे खरे मूल्य पुन्हा काढावे, असा हेनेसी यांचा विचार होता. जे मूल्य कळत नाही आणि जे चुकीचे कळते, त्यांत भेद केला पाहिजे, हा त्याचा मथितार्थ.

नोंदीचे स्वरूप

बर्कली येथे उगम पावलेल्या स्टॅब्ज या पद्धतीत व्हेरिएबलचे बहुधा एकच ठिकाण नोंदले जाई. ऑप्टिमायझेशननंतर मात्र तेच मूल्य काही काळ एका रजिस्टरमध्ये, पुढे स्मृतीत, तर कधी कोठेच नसते. बेल लॅब्जमध्ये १९८० च्या दशकात आकाराला आलेल्या ड्वार्फ या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९९३) स्थानसूचीची सोय झाली. आज्ञांच्या कोणत्या टप्प्यात मूल्य कोठे आहे, हे त्यामुळे लिहिता येऊ लागले. परंतु रकाना आखला म्हणजे तो भरला जातोच असे नाही. ऑप्टिमायझेशन केलेल्या प्रोग्रामसाठी स्थानसूची आपोआप लिहिण्याची व्यवस्था जीसीसी कंपायलरमध्ये २००५ च्या ४.० आवृत्तीत आली. मानक आणि व्यवहार यांत येथे बारा वर्षांचे अंतर पडले.

याच सुमारास लिनक्सवर सिस्टमटॅपसारखी मागोवा-साधने आली. चालू यंत्रणा न थांबवता तिच्या आतील मूल्ये नोंदणे हे त्यांचे काम. ऑप्टिमायझेशन बंद करून यंत्रणा पुन्हा बांधण्याची पळवाट येथे नव्हती. त्यामुळे नोंदीतील उणिवा उघड्या पडल्या. अलेक्झांद्रे ओलिव्हा यांनी २००८ मध्ये मांडलेली सुधारणेची योजना २०१० च्या जीसीसी ४.५ आवृत्तीत समाविष्ट झाली. ‘या ठिकाणी या व्हेरिएबलचे मूल्य हे’ अशी टिपणे कंपायलरच्या अंतर्गत रूपांतच पेरायची आणि प्रत्येक फेरबदलाबरोबर ती अद्ययावत ठेवायची, हे तिचे सूत्र. मूल्याचा माग सुटला, तर तसे प्रामाणिकपणे नोंदायचे. तसेच डीबग माहिती मागितल्यामुळे मूळ आज्ञांत कोणताही फरक पडू द्यायचा नाही, ही पथ्ये होती. साक्षीदाराने घटनेत हस्तक्षेप करू नये, असाच हा दंडक.

व्यावहारिक निदान

या इतिहासावरून निदानाचा एक क्रम हाती लागतो. डीबगरने मूल्य ‘ऑप्टिमायझेशनमध्ये नाहीसे झाले’ असे सांगितल्यास प्रथम नोंद थेट वाचावी. स्थानसूची त्या आज्ञेच्या पत्त्यापर्यंत पोहोचते की नाही, हे तेथे दिसते. पोहोचत नसल्यास थांबण्याची जागा बदलावी. फंक्शनच्या प्रवेशापाशी त्याला दिलेली मूल्ये बहुधा जागेवर असतात. नंतर नवी कंपायलर आवृत्ती किंवा जीसीसी ४.८ मध्ये (२०१३) आलेली डीबगिंगस्नेही सौम्य पातळी वापरून पाहावी. जे मूल्य वारंवार लागणार आहे, त्यासाठी प्रोग्राममध्येच कायमचा मागोवा-बिंदू ठेवावा. ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद करणे हा उपाय शेवटचा मानावा. पुष्कळदा तसे करताच दोषही नाहीसा होतो आणि आपण वेगळाच प्रोग्राम तपासत राहतो.

समारोप

ड्वार्फच्या पाचव्या आवृत्तीने (२०१७) फंक्शनच्या प्रवेशावेळचे मूल्य बोलावणाऱ्या फंक्शनकडून मिळवण्याची सोय प्रमाणित केली. तरीही प्रत्येक मूल्य परत मिळेल असे नाही. जे कंपायलरने मोजलेच नाही, त्याची नोंद कोठून येणार? म्हणूनच ‘मूल्य उपलब्ध नाही’ हे उत्तर नेहमीच अपयश मानता येत नाही. खोटे मूल्य दाखवण्यापेक्षा अज्ञान मान्य करणारी नोंद अभ्यासकाला अधिक उपकारक ठरते. आपल्या वर्गांत डीबगिंग सहसा ऑप्टिमायझेशन बंद ठेवून शिकवले जाते. त्यामुळे डीबगर दाखवील ते खरेच, अशी विद्यार्थ्याची समजूत होते. साधन वाचण्याआधी ते कोणी, केव्हा आणि कोणत्या मर्यादेत लिहिले हे विचारण्याची इतिहासाची शिस्त संगणकशास्त्राच्या वर्गातही रुजवणे अगत्याचे आहे.