मिल्कवीड: तण, सैनिक आणि सुरवंट
मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईची अमेरिकन चुलत बहीण. शेतकऱ्याच्या लेखी निव्वळ तण. पण १९४२ साली जपानने जावा घेतलं, लाइफ जॅकेटमध्ये भरायला तिथून येणारा पांढऱ्या सावरीचा कापूस बंद झाला. मग १९४४ मध्ये अमेरिकेतली शाळकरी पोरं पोती घेऊन मिल्कवीडची बोंडं वेचायला निघाली. दोन पोत्यांत एक जॅकेट! युद्ध संपलं, पुन्हा तण. १९९६ पासून तणनाशक पचवणारं सोयाबीन आलं आणि शेतातलं मिल्कवीड जवळजवळ साफ झालं. मोनार्क फुलपाखराचा सुरवंट तर दुसरं काही खातच नाही. म्हणून २००५ पासून कॅन्सस विद्यापीठातला 'मोनार्क वॉच' हा उपक्रम लोकांना परसात मिल्कवीड लावायला सांगतोय. ऑफिसात जुना कोड डिलीट करताना मला हल्ली हेच आठवतं. त्यावर कोणाचं पोट आहे, ते आधी बघावं!