आठशे मीटर

परवा रात्री झोप येईना म्हणून १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकची जुनी फीत बघत बसलो होतो. बायकांची ८०० मीटरची शर्यत. ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदाच एवढं अंतर धावत होत्या. नऊ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. जर्मनीच्या लीना राडकेने २ मिनिटं १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकलं. दुसरी आली जपानची किनुए हितोमी. या बाईची तर कमालच. तिची खरी तयारी होती १०० मीटरची. तिथे अपयश आलं तेव्हा हात हलवत घरी कसं जायचं म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदाच ८०० मीटर धावली, आणि रौप्य घेऊन गेली!

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतली शर्यत मात्र वेगळीच होती. एका वार्ताहराने लिहिलं, अकरा बायका धावल्या, पाच मध्येच बाहेर पडल्या आणि पाच शेवटी कोसळल्या. नऊच्या अकरा कशा झाल्या हे त्यालाच ठाऊक. काही जणी दमून गवतावर बसल्या, आडव्या झाल्या, एवढंच खरं. जीव तोडून धावल्यावर माणूस दुसरं काय करणार?

वीस वर्षांपूर्वी, १९०८ साली, लंडनच्या मॅरेथॉनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये आला तोच झिंगल्यासारखा. उलट्या दिशेने निघाला, पुन्हा पुन्हा पडला, शेवटी लोकांनी धरून रेषेपलीकडे नेला. मदत घेतली म्हणून त्याला बाद ठरवलं, पण राणीने दुसऱ्या दिवशी चषक देऊन त्याचं कौतुक केलं. पुरुषांची मॅरेथॉन बंद करा, असं मात्र झालं नाही. बायकांची ८०० मीटर बंद झाली, ती थेट १९६० च्या रोमपर्यंत. १९३२ आणि १९३६ मध्ये तर बायकांची सगळ्यांत लांब वैयक्तिक धाव होती १०० मीटरची.

कारण काय? तर गर्भाशय. फार धावलं की ते जागचं हलतं, मग मुलं होत नाहीत, असं चांगले शिकलेले डॉक्टर सांगत. (आमच्या आजीचंही हेच मत होतं. तिने ते कुठल्या डॉक्टरकडून घेतलं नव्हतं, एवढंच.) १९६६ मध्ये बॉबी गिबने बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज मागवला तेव्हा बायकांना एवढं अंतर शारीरिकदृष्ट्या झेपत नाही, असं उत्तर आलं. ती झुडपात लपून बसली, शर्यत सुरू झाल्यावर घोळक्यात घुसली आणि साधारण ३ तास २१ मिनिटांत पोचलीसुद्धा. तिला त्रास झाला तो पायाच्या फोडांचा. बायकांसाठी धावायचे बूट मिळतच नव्हते, म्हणून तिने मुलांचे नवे बूट घातले होते.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इतकी वर्षं काळजी केली ती नको त्या जागेची, आणि जिथे खरंच दुखत होतं तिकडे कुणी बघितलंच नाही. धावताना छातीला आधार लागतो, ही काही गहन गोष्ट नव्हे. पण त्यासाठीची पहिली ब्रा शिवली गेली १९७७ मध्ये, अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, तीन बायकांच्या खटपटीतून. कशी? पुरुष खेळाडूंचे दोन लंगोट-पट्टे एकमेकांना जोडून!

बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ साली, लॉस एंजेलिसला. जोन बेनॉइट जिंकली. पण लोकांच्या लक्षात राहिली स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस. उन्हाने तिचं अंग एका बाजूला वाकलेलं, पाय फरपटत होते. शेवटच्या फेरीला तिला पावणेसहा मिनिटं लागली. डॉक्टर बाजूने चालत होते. हात लावला असता तर ती बाद झाली असती. तिला अजून घाम येतोय, म्हणजे शरीर स्वतःला थंड करतंय, हे बघून त्यांनी तिला जाऊ दिलं. ती ३७ वी आली आणि दोनेक तासांत सावरली. या वेळी शर्यत कुणी बंद केली नाही.

त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत बार्बरा ड्रिंकवॉटर आणि सहकाऱ्यांचा एक छोटासा शोधनिबंध छापून आला. पाळी बंद झालेल्या चौदा खेळाडू आणि पाळी नियमित असलेल्या चौदा, यांची हाडं त्यांनी तपासली होती. पहिल्या गटातल्या मुली सरासरी पंचविशीच्या, पण मणक्यांची घनता ५१ वर्षांच्या बाईइतकी. तोवर जास्त सराव केला की पाळी जायचीच, असं समजत. उलट कटकट गेली म्हणत. मग १९९२ च्या सुमारास अपुरं खाणं, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडं हे तिन्ही एकत्र बघायला सुरुवात झाली. पुढे कळलं, की दोष धावण्याचा नाहीच. खाल्लेल्यातून सरावाला लागलेलं वजा केलं, की बाकीच्यावर शरीराला घर चालवायचं असतं. बाकी फार कमी उरली की शरीर काटकसर करतं, आणि पहिली कात्री लावतं पाळीला. इस्ट्रोजेन घटतं, हाडांची डागडुजी मागे पडते, आणि एक दिवस नडगीचं किंवा पावलाचं हाड न पडता-झडता तडकतं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या सगळ्याला एक व्यापक नाव दिलं आणि पुरुष खेळाडूंनाही त्यात धरलं. म्हणजे मूळ प्रश्न होता जेवणाचा.

त्याच १९८४ मध्ये बायकांची ४०० मीटर हर्डल्सही पहिल्यांदाच होती. पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असायचं. ती तिथे काय जेवत होती, हे मात्र आपण कधी विचारलं नाही. तिने ते पुष्कळ वर्षांनी, २०१८ च्या एका मुलाखतीत सांगितलं. ऑलिंपिक गावातलं खाणं जमेना, म्हणून भाताची पेज आणि लोणचं. शेवटचे ३५ मीटर अंगात ताकद उरली नव्हती, म्हणाली.