वजनाचा काटा चर्चमध्ये का आला?

अमेरिकेत लठ्ठपणाचे प्रमाण सर्वाधिक कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये आहे, हे सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते. आकडा आला की निष्कर्ष तयारच असतो: या बायका आळशी आहेत, त्यांचा जिभेवर ताबा नाही. वस्तीतल्या माणसांना ही भाषा नवी नाही. समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला मात्र आधी विचारावेसे वाटते की, हे शरीर घडवले कोणी?

गुलामगिरीच्या काळात मळ्यावर आठवड्याचा शिधा मिळे तो मुख्यतः मक्याचे पीठ आणि खारवलेले, चरबीचे डुकराचे मांस. त्यात मालकाने टाकलेले तुकडे आणि परसातली पालेभाजी घालून बायकांनी जो स्वयंपाक उभा केला, त्यालाच पुढे 'सोल फूड' म्हटले गेले. पहाटेपासून कापूस वेचणाऱ्या शरीराला ते लागत होते. पुढे शेते सुटली, शहरे आली. १९३० च्या दशकात कृष्णवर्णीय वस्त्यांभोवती नकाशावर लाल रेघ ओढून गृहकर्जे नाकारली गेली. भांडवल फिरकेना, तिथे ताज्या भाजीचे मोठे दुकान कोण काढणार?

मग डॉक्टरकडे जायचे! पण कोणत्या डॉक्टरकडे? टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून नुसते 'निरीक्षण' केले, पेनिसिलिन आल्यावरही. मिसिसिपीतली शेतमजूर फॅनी लू हेमर १९६१ मध्ये गाठ काढायला दवाखान्यात गेली, तर तिला न विचारता गर्भाशयच काढून टाकले. एवढे झाल्यावर विश्वास कुठून आणायचा?

उरली ती स्वतःच्या मालकीची संस्था, म्हणजे चर्च. रिचर्ड ॲलन यांनी १७९४ मध्ये फिलाडेल्फियात बेथेल चर्च सुरू केले तेव्हापासून शाळा, मदतनिधी, सभा, सगळे या छताखाली चालत आले. व्यासपीठावर बहुतेक पुरुष, बाकांवर आणि स्वयंपाकघरात बायका, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. माँटगोमेरीचा बस बहिष्कार ३८१ दिवस चालला, तेव्हा जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीने बायकांना जमवून तळलेले चिकन, पाय आणि केक विकले आणि पैसे चर्चमधल्या सभेत दिले. गटाचे नाव 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे 'कुठलाच नसलेला क्लब'. पैसे कुठून आले विचारले तर उत्तर खरेच द्यायचे: कुठूनच नाही! देणारीची नोकरी जाऊ नये म्हणून ही युक्ती. गिलमोरची स्वतःची मात्र गेलीच.

ज्या स्वयंपाकघराने चळवळ पोसली, त्याच्याच शेजारी पुढे वजनाचा काटा आला. बाल्टिमोरमध्ये संशोधक शिरिकी कुमानिका यांनी चर्चमधल्या बायकांचे गट बांधून रक्तदाबासाठी वजन कमी करण्याचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम चालवला. त्यावरचा लेख १९९२ चा. त्याच शहरात 'प्रोजेक्ट जॉय' झाला: १६ चर्च, चाळिशीच्या पुढच्या ५२९ स्त्रिया. काही चर्चमध्ये आहार आणि व्यायामाला प्रार्थनेची जोड द्यायची, काहींत नाही, अशी तुलना संशोधकांनी आखली होती. पण जिथे प्रार्थना नव्हती तिथेही बायकांनी ती आपणहून आणली! तुलना बिघडली. मला हा त्या प्रयोगाचा सर्वात मोठा निष्कर्ष वाटतो. 'लाभार्थी' म्हणून बसवलेल्या बायकांनी कार्यक्रम आपल्या ताब्यात घेतला.

वर्षअखेरीस सरासरी वजन घटले ते अर्धा किलो. कंबर आणि रक्तदाबही थोडा उतरला. सर्वाधिक वजन घटलेल्या दहा टक्के स्त्रियांचे सुमारे नऊ किलो कमी झाले. ज्यांना फक्त वाचायला साहित्य दिले, त्यांच्यात फरक पडला नाही. म्हणजे एकत्र बसण्याने काहीतरी घडते. पण अर्धा किलो हे अर्धा किलोच आहे, आणि त्याचा दोष पुन्हा त्या बायकांच्या माथी मारणे हा शुद्ध अप्रामाणिकपणा आहे. रविवारी चर्चमध्ये शिकलेले सोमवारी कोणत्या दुकानातून विकत घ्यायचे, हे त्या गटाच्या हातात नव्हते.

हेमरने तो प्रश्न आधीच हातात घेतला होता. १९६९ मध्ये तिने सनफ्लॉवर काउंटीत ४० एकरांवर 'फ्रीडम फार्म' सहकारी शेती उभी केली. तिथे भाजीपाला पिके. शिवाय 'पिग बँक' होती: कुटुंबाला डुकरीण द्यायची, तिची पिल्ले पुढच्या कुटुंबांना. जमीन शेकडो एकरांपर्यंत वाढली. पैसा मात्र पुरेसा आला नाही, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यात ते शेत हातचे गेले.