रुग्णालयीन धर्मसेवा-शिक्षण

ईश्वरविद्येच्या विद्यार्थ्यांना रुग्णालय, मनोरुग्णालय, तुरुंग इ. ठिकाणी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावयास लावून धर्मसेवेचे शिक्षण देण्याची पद्धती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तिचा उदय झाला.

तत्पूर्वी प्रॉटेस्टंट विद्यालयांत बायबल, चर्चचा इतिहास, सिद्धांतमीमांसा व प्रवचनकला ह्यांच्या अध्ययनावर भर असे. रुग्णाशी वा मरणासन्न व्यक्तीशी कसे वागावे, हे धर्मोपदेशकाला बहुधा पदवीनंतर स्वानुभवानेच शिकावे लागे. ही उणीव प्रथम वैद्यकीय क्षेत्रातील व्यक्तींनी हेरली. सिनसिनाटी येथील डॉक्टर विल्यम केलर ह्याने १९२३ मध्ये अशा विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात समाजसेवी संस्थांतून काम देण्यास प्रारंभ केला. वैद्यकाच्या विद्यार्थ्याप्रमाणे ईश्वरविद्येच्या विद्यार्थ्यानेही एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णांच्या सहवासात काढावे, असे बॉस्टनच्या रिचर्ड कॅबट (१८६८–१९३९) ह्या डॉक्टरने १९२५ मध्ये प्रतिपादिले.

ह्या पद्धतीस वैचारिक अधिष्ठान दिले ते अँटन बॉइसन (१८७६–१९६५) ह्या धर्मोपदेशकाने. तीव्र मनोविकारामुळे १९२० पासून सुमारे पंधरा महिने तो स्वतः मनोरुग्णालयात होता. काही मनोविकार म्हणजे विस्कटलेले व्यक्तिमत्त्व पुन्हा सावरण्याची धडपड असून त्यांचे धार्मिक परिवर्तनाशी निकटचे नाते आहे, असे त्याचे मत बनले. मॅसॅचूसेट्समधील वुस्टर येथील शासकीय मनोरुग्णालयात १९२४ मध्ये त्याची धर्मोपदेशक म्हणून नेमणूक झाली. पुढील वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने चार विद्यार्थ्यांना तेथे आणले. मनोकायिक वैद्यकात पुढे ख्याती पावलेली हेलन फ्लँडर्स डनबार (१९०२–५९) ही त्यांपैकी एक होय. विद्यार्थी कक्षांत परिचारकाचे काम करीत व रुग्णांचे वृत्तांत लिहीत. ग्रंथ जितक्या काळजीने वाचावा तितक्याच काळजीने माणूस वाचावा, हे बॉइसनचे सूत्र होते.

ह्या कार्यासाठी १९३० मध्ये एक मंडळ स्थापन झाले. परंतु त्याच वर्षी बॉइसनला पुन्हा मनोविकाराचा झटका आला. मनोविकाराची कारणे शारीरिकच असतात, असे मानणाऱ्या कॅबटने त्याची साथ सोडली व सामान्य रुग्णालयांकडे लक्ष वळविले. तेथे रसेल डिक्स ह्या धर्मोपदेशकाने रुग्णाशी झालेला संवाद आठवून शब्दशः लिहून काढण्याचा व नंतर त्याची चिकित्सा करण्याचा परिपाठ रूढ केला. तो ह्या शिक्षणाचे प्रमुख साधन ठरला. पुढे चळवळीतील चार संघटना १९६७ मध्ये एकत्र आल्या. आज ज्यू, इस्लामी व बौद्ध परंपरांतील विद्यार्थीही हे शिक्षण घेतात.

कालांतराने रुग्णाच्या धर्मानुभवापेक्षा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मनोव्यापारांवर अधिक भर दिला जाऊ लागला. ह्याविषयी बॉइसनने नाराजी व्यक्त केली. दुःखिताला धीर देण्याचे कौशल्य शिकवावे, की त्याच्या अनुभवातून धर्माविषयी काही शिकावे, ह्या दोन उद्दिष्टांतील ताण मात्र ह्या पद्धतीत आरंभापासूनच राहिला आहे.