घोरणाऱ्याची खंडेनवमी

यंदाच्या खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर विळी, हातोडी आणि माझी लेखणी यांच्या पंक्तीला एक नवे दैवत बसले. लहानशा डब्याएवढे यंत्र, त्याला चार हात लांब नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मुखवटा. गेली सहा वर्षे हे यंत्र रात्रभर माझ्या घशात हवा लोटते, म्हणून मी झोपतो आणि घरातली मंडळीही झोपतात. हळदकुंकू वाहताना पत्नी म्हणाली, "अहो, याची पूजा वर्षातून एकदा करून भागायचं नाही." या बोलण्यामागे एक हकीकत आहे, पण आधी थोडा इतिहास.

घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय. कुंभकर्ण तर त्यासाठी अमरच झाला. पण सुश्रुताने स्थूल माणसाच्या व्याधींत 'क्रथन' असा एक शब्द घातला आहे आणि झोपेत घुरघुरणे, श्वास एकाएकी अडणे असे त्याचे अर्थ टीकाकार करतात. तिकडे विलायतेत डिकन्सने १८३६-३७ साली 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोरगा रंगवला. तो उभ्याउभ्या घोरतो. लोक हसले, डॉक्टर मात्र विचारात पडले आणि १९५६ साली अमेरिकेत एका रोगाला त्या कादंबरीचेच नाव मिळाले. पण झोपेत नेमके काय घडते? ते कळायला कुणीतरी निजलेल्या माणसाशेजारी रात्रभर जागायला हवे होते. १९६५ साली फ्रान्स व जर्मनीतल्या संशोधकांनी ते केले. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा होतो. आणि सकाळी रोग्याला यातले काही आठवत नाही! आमचे नागपूरचे मेडिकल कॉलेज १९४७ साली निघाले, तेव्हा या रोगाला आजचे नाव मिळायला एकोणतीस वर्षे अवकाश होता. १९७६ साली 'स्लीप ॲप्निया' हे नाव रूढ झाले.

नाव मिळाले, पण उपाय भयंकर होता. गळ्याला भोक पाडायचे! १९८० साली सिडनीत अशाच एका रोग्याने ते नाकारले. तेव्हा कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी त्याच्या नाकावाटे सतत दाबाने हवा सोडून पाहिली. मिटणारा घसा उघडा राहिला आणि तो माणूस गाढ झोपला. डॉक्टर मात्र दाब कमीजास्त करीत जागे होते. पुढच्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये पाच रोग्यांची हकीकत छापून आली. आरंभीच्या रोग्यांना तर मुखवटा रोज रात्री नाकाला चिकटवून घ्यावा लागे.

हा रोग आपल्यापासून दूर नाही. २००४ साली मुंबईच्या डॉ. झरीर उडवाडिया व सहकाऱ्यांनी मध्यमवयीन ६५८ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात साडेसात टक्क्यांना तो आढळला.

आता माझी हकीकत. दोन वर्षांपूर्वी रामटेकहून गाडी हाकत परतताना मनसरच्या पुढे माझा डोळा लागला. पत्नीच्या किंकाळीने जागा झालो तेव्हा गाडी रस्ता सोडून मातीत उतरली होती. मागे नातू बसला होता. मला कळेना, यंत्र तर मी एक रात्रही चुकवले नव्हते!

दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन धंतोलीत डॉक्टरांकडे गेलो. तिथल्या मुलीने यंत्रातले कार्ड वाचले आणि म्हणाली, "काका, मशीन चालून राहिली आहे, पण हवा गालावरून जाऊन राहिली." घामातेलाने मुखवट्याची गादी कडक झाली होती. आमच्या उन्हाळ्यातल्या धुळीने गाळणी बुजली होती. चार वर्षांत माझे वजन नऊ किलोंनी वाढले होते आणि दाब मात्र पहिल्या दिवशीचाच होता. तासाला श्वास अडण्याचे प्रसंग पाचांच्या आत हवेत. माझे बावीस होते. यंत्र विकणाऱ्याने पुन्हा चौकशी केली नाही हे खरे, पण मी तरी कुठे कुणाला विचारायला गेलो होतो?

तेव्हापासून आमच्याकडे दर रविवारी खंडेनवमी असते. मुखवटा व नळी कोमट साबणपाण्यात धुऊन सावलीत वाळवायची, गाळणी पाहायची, मळली की बदलायची. ओलाव्याच्या भांड्यात रोज ताजे, शुद्ध केलेले पाणी. गादी कडक झाली की नवी. वर्षातून एकदा, आणि वजन बदलले तर त्याआधीही, कार्ड घेऊन डॉक्टरांकडे. यंत्रातही दोष निघतो. २०२१ साली एका मोठ्या कंपनीला जगभरची लाखो यंत्रे परत मागवावी लागली. आतला आवाज शोषणारा स्पंज झिजून त्याचे कण हवेत मिसळण्याचा धोका होता.

यंत्राची घरघर ऐकून मी निश्चिंत होतो, हीच माझी चूक. झोपलेला माणूस स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही. कोजागरीला लक्ष्मी विचारते, कोण जागे आहे? आमच्या घरी त्याचे उत्तर इतकी वर्षे एकच होते. माझे अडलेले श्वास अंधारात मोजणारी ती. यंदा दिवाळीच्या धुराने गाळणी काळी होईल, ती मीच बदलणार आहे. तिने आता निवांत झोपावे.